झाडाच्या वतीने

हिरोशिमा, १३ ऑक्टोबर १९९६

प्रिय मिसाओ,

पत्राची सुरुवात हवापाण्यानं करावी असं आईनं शिकवलं होतं, म्हणून लिहिते. इथे थंडीची चाहूल लागली आहे. तुमच्या ब्राझीलमध्ये म्हणे आत्ता वसंत असतो. झालं हवापाणी. एकेचाळीस वर्षांनी लिहायला बसलेल्या बाईला याहून जास्त जमत नाही.

तुझा पत्ता विहारातल्या गुरुजींनी दिला. दर ऑगस्टला आईच्या नावानं तू त्यांना कार्ड पाठवतेस, हे मला या वर्षी कळलं. मला कधी एक ओळ लिहिली नाहीस. मीही लिहिली नाही, तेव्हा तो विषय राहू दे.

कामाचं बोलते. आपल्या गल्लीचा रस्ता रुंद होणार आहे. नव्या रेषेत बाबांची सुया साठवायची जाड भिंतींची कोठी येते आणि तिच्याशेजारचं पर्सिमनचं झाड येतं. वीस जानेवारीपर्यंत काही झालं नाही, तर दोन्ही जातील. रस्तेखात्याचा निशिहारा नावाचा एक साहेब येऊन बुंध्याला लाल फीत बांधून गेला. माणूस इतका नम्र की फीत बांधण्याआधी झाडापुढे वाकला. मला त्याचा रागसुद्धा धड करता आला नाही.

सुटायची वाट एकच आहे. बॉम्बमधून वाचलेली झाडं आणि वास्तू यांची एक यादी असते. त्यात नाव लागलं की रस्ता वळसा घेतो. पण त्यासाठी फॉर्मवर दोन माणसांची साक्ष लागते. त्या दिवशी हे झाड इथे उभं होतं, असं स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेली दोन माणसं. शेजारात आता कुणी उरलं नाही. एक मासळीवाल्या इवामोतो आजी आहेत, शहाण्णव वर्षांच्या, वृद्धाश्रमात. त्यांची सही मी आणते. दुसरी तुझी.

फॉर्म सोबत आहे. दोन ओळी पुरेत. झाड होतं, तू होतीस, बस्स. मी त्या दिवशी आजोळी होते, हे तुला ठाऊकच आहे. तेव्हा माझा उल्लेख करायचं कारण नाही.

तू ते झाड विसरली नसशील. पंधरा जानेवारीला मी कोयता घेऊन पुढे उभी राहायचे, तू झाडामागे. मी बुंध्याला कोयता टेकवून दरडावायचे, ‘‘फळशील की नाही? नाही फळलास तर तोडून टाकीन!’’ आणि तू झाडाच्या वतीनं चिरक्या आवाजात म्हणायचीस, ‘‘फळेन, फळेन!’’ मग कोयत्यानं पाडलेल्या खाचेत लाल चवळीची पेज ओतायची. आई म्हणायची, झाडाला स्वतःचं तोंड नसतं, कुणीतरी त्याच्यासाठी बोलावं लागतं. तेव्हा दर वर्षी तू बोललीस. आता एकदा आणखी बोल.

लवकर लिही. पत्राला दहा दिवस लागतात.

तुझी ताई,
फुसाए

३ नोव्हेंबर १९९६

मिसाओ,

वीस दिवस झाले. दहा जायला, दहा यायला, हे मी रोज बोटांवर मोजते. पोस्टमन सायकल लावतो तेव्हा मी दारातच असते. काल तो म्हणाला, ‘‘आजी, तुमचं काही असलं तर मी घंटी वाजवीन, तुम्ही आत बसा, वारं लागेल.’’ मला आजी म्हणायला त्याला कुणी सांगितलं होतं?

परवा झाडांचे डॉक्टर आले होते. असतात असे, हसू नकोस. हामाओका त्यांचं नाव, सत्तरीचे, पायात रबरी बूट. लाकडी हातोडीनं त्यांनी झाडाचं सगळं अंग ठोकून पाहिलं. शहराकडच्या बाजूला पोकळ आवाज आला. मागची बाजू भरीव. म्हणाले, ‘‘भाजलेली बाजू हळू वाढली, मागची जोमानं वाढली, म्हणून झाड शहराकडे कललंय. मला शंका नाही. पण कागदाला माझी खात्री चालत नाही, त्याला पाहणारा माणूस लागतो.’’

मी चहा दिला. बोलता बोलता मी म्हणाले, ‘‘हो ना, तीन दिवस बुंध्यातून धूर येत होता.’’

त्यांनी कप खाली ठेवला. ‘‘तुम्ही कुठे होता तेव्हा?’’

‘‘आजोळी. डोंगरातल्या गावी.’’

‘‘असं. मग धूर कुणी पाहिला?’’

‘‘कुणीतरी सांगितलं असेल,’’ मी म्हणाले. त्यांनी पुढे काही विचारलं नाही. उरलेला चहा प्यायले, बूट चढवले आणि जाताना झाडालाच म्हणाले, ‘‘येतो हं.’’ मला त्यांनी नुसती मान हलवली. हा माणूस रस्तेखात्यात काही बोलला तर? निशिहारासाहेबांच्या वहीत ‘मालकीणबाई त्या दिवशी गावी’ असं मीच माझ्या तोंडानं लिहवून घेतलं आहे.

तू लिहिलंस तर कुणाला माझ्यापर्यंत यायची गरजच पडणार नाही. एवढंच मागते आहे.

फुसाए

२४ नोव्हेंबर १९९६

मिसाओ,

अजून काही नाही. फॉर्म हरवला असेल म्हणून दुसरा पाठवते आहे.

आज पर्सिमन सोलले. या वर्षी एकशे चाळीस निघाले. तुरटच आहेत, दातांना अजून तशीच मिठी मारतात, पण सोलून, उकळत्या पाण्यात बुडवून, दोरीला टांगले की महिनाभरात गोड. पडवीत सगळीकडे नारिंगी रंग झाला आहे. शेंड्यावरचं एक फळ ठेवलं, झाडाच्या राखणीला ठेवतात तसं. पुढच्या वर्षी झाड असेल की नाही ठाऊक नसताना ते ठेवणं मला वेडेपणाचं वाटलं, तरी ठेवलं.

इवामोतो आजींना भेटले. त्यांनी माझा हात धरला, माझ्या सुया किती सरळ असायच्या ते सांगितलं (बाबांच्या, माझ्या नव्हे), आणि मग म्हणाल्या, ‘‘तुमच्या अंगणातलं आलुबुखारचं झाड किती सुंदर फुलायचं!’’ मी म्हटलं, ‘‘आजी, पर्सिमन.’’ तर चिडल्या. ‘‘मला शिकवू नकोस. पांढरी फुलं यायची.’’ सोबतची नर्स माझ्याकडे बघून हसली. आपल्याकडे आलुबुखार कधीच नव्हता. फॉर्मचा तो रकाना कोरा घेऊन मी बसमध्ये चढले.

रित्सुको आली होती. माझी मुलगी, छत्तीस वर्षांची. तिला तू पाहिलं नाहीस. लग्नानंतर आठ वर्षांनी आता दिवस राहिले आहेत, पाचवा महिना. आपल्याकडे पाचव्या महिन्यात पोटाला पांढरा पट्टा बांधतात, तो आईनं द्यायचा असतो, म्हणून आली. तिच्या सासूबाईही सोबत होत्या. विहीणबाई ओकायामाच्या, गोड बोलतात आणि सगळं विचारतात. माझ्या घरात उभ्या राहून त्यांनी कोठीकडे बघितलं. ‘‘एवढी जुनी? मग ही त्या दिवशीही होती?’’

‘‘होती म्हणतात,’’ मी म्हणाले.

‘‘तुम्ही नव्हता ना पण?’’

‘‘नाही हो. मी आजोळी.’’

‘‘नशीब,’’ असं म्हणून त्यांनी रित्सुकोच्या पोटाकडे पाहिलं. त्यांच्या मनात पाप नव्हतं. त्यांना नातवंड हवं आहे, एवढंच. पण मी पट्टा तीनदा सोडून पुन्हा बांधला, तेव्हा रित्सुको म्हणाली, ‘‘आई, मी कुठे युद्धावर चालले नाहीये.’’

आता तुला कळलं असेल मी का विनवते आहे. ते लग्न, ती आजोळची कथा, हे सगळं चिएकोमावशीनं रचलं होतं. मी चोवीस वर्षांची होते. मावशी म्हणाली, त्या दिवशी शहरात होती असं कळलं तर या मुलीला कोण करणार, पोरं धड होतील का म्हणून लोक घाबरतात. घरजावई मिळणं म्हणजे तर आणखी कठीण. मी मावशीचं ऐकलं. मुलाची आई मला बघायला आली तेव्हा तुला कोठीत बसायला सांगितलं तेही मावशीनं.

फुसाए

१५ डिसेंबर १९९६

मिसा,

तुझं पाकीट काल आलं. पोस्टमननं दोनदा घंटी वाजवली.

चिठ्ठीत तू एवढंच लिहिलंस: ‘यातलं एक अक्षर खोडायचं झालं तर सगळं फाडून टाक.’ आणि सोबत फॉर्म. मी तो इतक्यांदा वाचला आहे की पाठ झाला. तरी इथे उतरवून काढते. तू लिहिलेलं माझ्या अक्षरात कसं दिसतं ते मला बघायचं आहे.

‘मी, तोकुमोतो मिसाओ, तेव्हा नऊ वर्षांची होते. शाळेबरोबर खेड्यात पाठवलं होतं, तिथून आजारी पडून परत आले होते. सहा ऑगस्टच्या सकाळी मी आमच्या पर्सिमनच्या झाडामागे लपले होते. आम्ही लपाछपी खेळत होतो. माझी बहीण फुसाए, वय पंधरा, कोठीत होती. ती मला शोधायला येणार होती. उजेड पडला तेव्हा झाड माझ्या आणि शहराच्या मध्ये होतं. माझा डावा गाल, मान आणि हात झाडाबाहेर होता, तेवढाच भाजला. घर कोसळलं. आई घरात होती. झाड आणि कोठी उभी राहिली. बहीण कोठीतून बाहेर आली आणि माझ्या नावानं हाका मारू लागली. मी ओ दिली नाही. मला वाटलं, खेळ अजून चालू आहे. तिनं मला शोधून काढलं, पाठीवर घेतलं आणि नदीपर्यंत नेलं. तिच्या पायात काही नव्हतं. तीन दिवसांनी आम्ही परत आलो तेव्हा बुंध्यातून अजून धूर येत होता. पुढच्या वर्षी झाडाला मागच्या बाजूनं एक फांदी फुटली. मला ठाऊक आहे ते एवढं, आणि ते खरं आहे.’

तू जुनं नाव लिहिलंस. तिकडे जाताना कुटुंब लागायचं, एकट्या मुलीला बोटीवर घेत नसत, म्हणून तू कुणा परक्या माणसाची बहीण होऊन कागदावर चढलीस, असं नंतर माझ्या कानावर आलं होतं. तेव्हा, तू आता आमच्या नावाची उरली नाहीस म्हणून, मला सुटल्यासारखं वाटलं होतं. आता लपवत बसत नाही.

मावशीनं काही रचलं नव्हतं. तिला बिचारीला खोटं बोलायला कधी जमलं नाही, तुला तर ठाऊकच आहे. सगळं माझं डोकं. मुलाची आई मला बघायला आली त्या दिवशी सकाळी मीच तुला म्हटलं, ‘‘मिसा, आजचा दिवस कोठीत बस, तुझा गाल बघून त्या विचारतील.’’ तू चटई उचललीस आणि गेलीस. दारात तुझ्या खडावा राहिल्या. त्यांनी विचारलं, ‘‘या कुणाच्या?’’ मी म्हटलं, शेजारणीच्या. मग तू शिंकलीस. त्या म्हणाल्या, ‘‘कोठीत कुणी आहे का?’’

आणि मी हसून म्हणाले, ‘‘उंदीर फार झालेत.’’

तू ऐकलंस हे मला तेव्हाच कळलं होतं, कारण नंतर तासभर कोठीतून एवढासाही आवाज आला नाही. एकोणीस वर्षांची मुलगी श्वास धरून बसली असेल. दोन महिन्यांनी तू गेलीस. मी बंदरावर आले नाही.

आणखी एक. तू लिहिलं आहेस, ‘ती मला शोधायला येणार होती.’ मी येणार नव्हते, मिसा. तू सकाळपासून मागे लागली होतीस म्हणून मी ‘जा, लप’ असं म्हणून तुला पिटाळलं आणि कोठीत पोत्यांवर पुस्तक घेऊन बसले. जाड भिंतीनं मला वाचवलं ते त्या आळसामुळे. तुला झाडामागे उभं ठेवून मी वाचत होते.

हा फॉर्म दिला, तर मी उघडी पडते. नाही दिला, तर झाड जातं. आणि खोडायला तर तू हातच बांधून ठेवलेस. पूर्वी तू इतकी पक्की नव्हतीस. का होतीस, आणि मला दिसलं नव्हतं?

रित्सुकोला काय सांगू? तिला साधं पडसं झालं तरी मी तिचे कपडे काढून अंगभर बॉम्बच्या आजारात येतात तसे जांभळे डाग शोधायचे. ती छत्तीस वर्षांची झाली, तरी फोनवर खोकली की माझा जीव टांगणीला लागतो. आता तिच्या पोटात जे आहे त्याच्यासाठी मी काय शोधू?

तुझी ताई

१६ जानेवारी १९९७

मिसा,

रित्सुको नव्या वर्षाला आली, ती बाळंतपण होईपर्यंत राहणार आहे. डॉक्टरांनी विश्रांती सांगितली आहे. मी ठरवलं होतं की तिसऱ्या दिवशी सांगू. मग पाचव्या. मग ती कालवांची आमटी खात होती, म्हटलं खाऊन होऊ दे. दहा तारखेला दुपारी मी काही बोललेच नाही, तुझा फॉर्म तिच्यापुढे ठेवला आणि भांडी घासायला गेले. भांडी स्वच्छच होती.

बऱ्याच वेळानं ती स्वयंपाकघराच्या दारात आली.

‘‘हे खरं आहे?’’

‘‘हो.’’

‘‘बाबांना ठाऊक होतं?’’

‘‘मी कधी सांगितलं नाही.’’ आणि हे म्हणतानाच मला आठवलं की तुझे भावजी होते तोवर दर वर्षी सहा ऑगस्टला सकाळी मला मासे धरायला बेटावर घेऊन जायचे. त्यांना मासेमारीत काडीचा रस नव्हता. सदतीस वर्षांत त्यांनी चार मासे धरले असतील.

रित्सुको म्हणाली, ‘‘इतके महिने मी डॉक्टरांना सांगते आहे की आमच्या घरात कुणाला काही झालेलं नाही. त्यांनी दोनदा विचारलं. मी दोनदा छातीठोक सांगितलं.’’

मी म्हटलं, ‘‘माफ कर.’’

‘‘मला वाटायचं तुझा स्वभावच काळजीखोर. मी माझ्या नवऱ्याला तुझ्या नकला करून दाखवायचे, आई.’’

दोन दिवस ती माझ्याशी बोलली नाही. पडवीत बसून वाळलेले पर्सिमन एकामागून एक खात राहिली. मी बिया मोजल्या, सत्तावीस. खाते आहे तोवर ठीक आहे, असं मी मनाला सांगत होते. ती बॅग भरते आहे असं मला दर अर्ध्या तासानं वाटायचं आणि मी काहीतरी निमित्त काढून तिच्या खोलीत डोकावायचे. एकदा तर मी झाडू घेऊन गेले, तेव्हा ती डोळे मिटून पडली होती. ‘‘आई, तीच जागा चौथ्यांदा झाडते आहेस,’’ एवढंच म्हणाली.

बारा तारखेला संध्याकाळी तिनं विचारलं, ‘‘मावशी तेव्हा केवढी होती? वजनाला?’’

‘‘नऊ वर्षांची. आजारी होती. हलकीच.’’

‘‘आणि तू अनवाणी. काचांमधून.’’

‘‘तेव्हा कळलं नाही. नंतर कळलं.’’

तिला रडू फुटलं. ‘‘हे मला का नाही सांगितलंस? बाकीचं लपवलंस ते समजलं मला. पण तू तिला पाठीवर घेऊन नदीपर्यंत गेलीस, हे तू छत्तीस वर्षं मला का नाही सांगितलंस?’’

त्या दिवशी मी तिथे नव्हतेच म्हटल्यावर पाठीवर कुणाला घेणार, मिसा? मी तुझ्याबरोबर स्वतःलाही कोठीत कोंडलं होतं, हे मला सहासष्टाव्या वर्षी मुलीनं विचारल्यावर कळलं.

तेरा तारखेला आम्ही दोघी कचेरीत गेलो. दुसऱ्या रकान्यात मी माझं लिहिलं. तुझ्याएवढं सरळ नाही जमलं, तीनदा कागद बदलला. पुस्तक वाचत होते तेही लिहिलं. निशिहारासाहेबांनी वही काढली. ‘‘पण आपण तर आजोळी होता ना?’’

‘‘नव्हते,’’ मी म्हणाले. ‘‘कोठीत होते.’’

त्यांनी वहीतली ओळ पट्टी लावून खोडली आणि खाली नव्यानं लिहिली. मान वर केली नाही. म्हणाले, निर्णय महिनाअखेरीस, हमी देता येत नाही, रस्त्याचा नकाशा छापून झाला आहे. बाहेर आल्यावर रित्सुकोनं ओकायामाला फोन लावला आणि विहीणबाईंना सगळं सांगितलं. मी शेजारी उभी होते. शेवटी त्या रित्सुकोला म्हणाल्या, ‘‘आईला थंडीत उभी करू नकोस, घरी जा.’’ त्याचा अर्थ काय घ्यायचा, हे मी अजून ठरवते आहे. डॉक्टरांनाही सांगितलं. ते म्हणाले, आतापर्यंतच्या तपासण्या चांगल्या आहेत. आतापर्यंतच्या, असं म्हणाले.

काल पंधरा तारीख. तू गेल्यापासून मी तो विधी केला नव्हता, मागे उभं राहायला कुणी नव्हतं. काल कोयता काढला. गंजला होता, घासला. रित्सुको पेजेचं भांडं घेऊन पडवीत उभी राहिली. मी बुंध्याला कोयता टेकवला आणि विचारलं, ‘‘फळशील की नाही? नाही फळलास तर तोडून टाकीन!’’

लाल फीत अजून तशीच होती.

रित्सुको म्हणाली, ‘‘आता?’’

‘‘आता झाडानं उत्तर द्यायचं.’’

‘‘मी देऊ?’’

‘‘नको,’’ मी म्हणाले. का म्हणाले कुणास ठाऊक. ‘‘ते मावशीचं काम.’’

आम्ही पेज ओतली आणि आत आलो. तुला कळावं म्हणून लिहिते आहे: मी विचारलं आहे.

ताई

५ फेब्रुवारी १९९७

मिसा,

आधी वाईट ते लिहिते, म्हणजे तूही माझ्यासारखी घाबरशील. महिना संपला तरी कचेरीचं पत्र आलं नाही. आज सकाळी दारात ट्रक येऊन उभा राहिला. तीन माणसं उतरली, दोरखंड, शिडी, पेटी. मला पुढचं काही सुचलं नाही. पडवीत कोयता होता तो उचलला आणि पायमोज्यांवरच अंगणात धावले. ‘‘हात लावाल तर बघा!’’ मी ओरडले. सहासष्ट वर्षांची बाई, पुढे एप्रन, हातात कोयता. ट्रकमागून निशिहारासाहेब दोन्ही हात वर करून आले. ‘‘तोकुमोतोबाई! कुंपण! कुंपण घालायला आलोय!’’

लाल फीत त्यांनीच सोडली, घडी करून खिशात घातली. झाडाला पाटी लावली. रस्ता आपल्या कोपऱ्यावर पोट आत घेणार आहे. कोठीची बाहेरची पायरी जाईल, कोठी राहील. हामाओका डॉक्टर मागून आले होते. त्यांनी कोयत्याकडे पाहिलं आणि म्हणाले, ‘‘आता कळलं हे झाड इतकी वर्षं का फळतंय.’’ मी हसले आणि तिथेच मातीत बसले. साहेबांनी मला उठवलं. मोजे खराब झाले.

रित्सुको बरी आहे. बाळ लाथा मारतं. माझी काळजी गेलेली नाही, ती जाणारही नाही, पण आता ती आम्ही दोघी मिळून करतो. काल ओकायामाहून विहीणबाईंचा लोकरी पायमोज्यांचा जोड आला, माझ्या मापाचा. चिठ्ठीत लिहिलं होतं, ‘अनवाणी फिरू नका.’

कुंपणाचे खांब ठोकणं चालू असताना पोस्टमन आला. घंटी वाजवतच राहिला होता तो.

तुझं पत्र मी उभ्या उभ्याच फोडलं. मोठ्ठा कागद आणि त्यावर दोनच ओळी. रित्सुको म्हणाली, ‘‘काय लिहिते मावशी?’’ मला वाचता येईना, चष्मा ओला झाला होता. कागद तिच्या हातात दिला. तिनं वाचला. मग पोट सांभाळत, नव्या खांबांमधून वाट काढून झाडामागे गेली. कामगार थांबले. डॉक्टरांनी टोपी काढली.

‘‘आई, विचार,’’ ती मागून म्हणाली.

तारीख उलटून तीन आठवडे झाले होते, तरी मी कोयता टेकवला आणि विचारलं.

तिनं तुझं पत्र मोठ्यांदा वाचलं:

‘‘ताई, त्या दिवशी तू हाका मारल्यास आणि मी ओ दिली नाही. आता देते. फळेन, फळेन.’’

मिसा, ऐकलं मी.

ताई